सांगली, कायमची बंद

गुरुजी हरवले होते. सकाळचे सव्वानऊ झाले होते, मुहूर्त दहाचा होता, आणि चंद्रहास गुरुजी मेलबर्नच्या टार्निट उपनगरातल्या कुठल्याशा राउंडअबाउटला तिसरी प्रदक्षिणा घालत होते.

"उल्हास, मला परत तेच घर दिसतंय रे. ग्रे गराज, पांढरा दरवाजा."

"गुरुजी, इथे सगळ्यांचंच गराज ग्रे आहे. तुम्हाला एक मोठं गम ट्री दिसतंय का?"

"ट्री कसलं, मला इथे झुडूपसुद्धा दिसत नाहीये."

चंद्रहास आठवडाभर एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत आणि शनिवार-रविवार सोवळं नेसत. त्यामुळे त्यांना चुका शोधायची सवय होती, रस्ते शोधायची नव्हती. बरं, दोष त्यांचा तरी कसा म्हणावा? उल्हास आणि शुभदा पाटणकरांचं नवं घर हाउसिंग इस्टेटच्या अगदी शेवटच्या रस्त्यावर होतं. हा रस्ता इतका नवा की फोनमधल्या नकाशात तिथे अजून गवतच होतं. घराशेजारी काउन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, एक मोकळा तुकडा, त्यात पावसाचं पाणी साठवायला खोदलेला खड्डा, काही काळे दगड आणि एक जुनं गम ट्री, आपल्या निलगिरीच्या जातीतलं. पुढे वारा आणि तारेचं कुंपण.

शेवटी उल्हासने नकाशावर स्वतःच पिन टाकली. ॲपने जागेचं नाव विचारलं. एका कानाला गुरुजी, दुसऱ्या बाजूला शुभदा "कलशाखालचे तांदूळ कुठे ठेवलेस?" म्हणून ओरडतेय, अशा घाईत माणसाला जे पहिलं सुचतं ते त्याने टाइप केलं, सांगली. ॲपने फोटो मागितला. त्याने गराजचाच काढला. आत पन्नास माणसांच्या जेवणाची टेबलं मांडलेली होती, दाराला तोरण होतं. तोही चढवला.

"सांगली?" शुभदाने त्याच्या खांद्यावरून डोकावून विचारलं. "मिरज का नाही?"

शुभदा मिरजेची होती. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी हे भांडण नवंकोरं होतं. सांगली आणि मिरज यांच्यात म्हणायला दोन कोसांचं अंतर, पण संसारात ते कधीच कमी होत नाही.

"कारण घर माझ्या नावावर आहे."

"दोघांच्या नावावर आहे. आणि सांगलीला जायचं म्हटलं तरी माणूस आधी मिरजेला उतरतो. गाड्या तिथे थांबतात."

पण गुरुजी त्या पिनवर बरोबर उतरले आणि पावणेदहाला पाटावर बसले. वास्तुशांत झाली, पन्नासचे पासष्ट लोक जेवले, आणि सगळ्यांनी जाताना सांगितलं की सांगली सापडायला अगदी सोपी गेली. पिन काढायची मात्र सगळे विसरले.

पुढच्या आठवड्यात प्लंबर त्या पिनवरून आला. मग फ्रिज आला, कुरियरवाला आला. समोरच्या बलजीतने आपल्या लग्नाच्या पाहुण्यांना सांगितलं, "सांगली से लेफ्ट मारना." शाळेतल्या मुलांच्या आया 'सांगलीपाशी भेटू' म्हणायला लागल्या. त्या रस्त्याला विकसकाने दिलेलं एक गोड इंग्रजी नाव होतं, पण ते खुद्द रस्त्यावर राहणाऱ्यांनाही आठवत नसे.

एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात चार तरुण उभे होते.

"थाली आहे का, आँटी?"

"कसली थाळी?"

त्यांच्यातल्या एकाने फोन दाखवला. तोरण, टेबलं, पानं मांडलेली. ॲपने फोटो पाहून, नाव पाहून आपल्या अकलेने सांगलीला 'भारतीय उपाहारगृह' करून टाकलं होतं. शुभदा खूप रागावणार होती. पण त्यातला एक तनय नावाचा मुलगा निघाला इचलकरंजीचा, आणि त्याने घरचं जेवण पाच महिन्यांत पाहिलं नव्हतं. आता इचलकरंजीचा मुलगा म्हणजे जवळजवळ घरचाच. शुभदाने पोहे केले.

इथेच ती चुकली. संध्याकाळी सांगलीला पाच तारे मिळाले आणि खाली मजकूर आला, 'जागा शांत. पार्किंग भरपूर. आँटी प्रेमळ. पोहे अप्रतिम. मेनू नाही.' पुढच्या रविवारी तीन गाड्या आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी सहा. एकाने दोनच तारे देऊन तक्रार केली, 'मालक पायजम्यात होता आणि लॉन कापत होता. सर्व्हिस संथ.'

उल्हासला मात्र याचं भलतंच अप्रूप वाटलं. त्याने नकाशाचा फोटो काढला, वर 'मेलबर्न', बाजूला 'टार्निट', आणि त्याच्या पोटात ठळक अक्षरांत 'सांगली', आणि तो आपल्या वडिलांना पाठवून दिला. खाली लिहिलं, 'अण्णा, बघा, ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर सांगली!'

अण्णांविषयी थोडं सांगायला हवं. अण्णा पाटणकर भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं मोजणीला होते. साखळी, टेप, बांध, हद्दीचे दगड यांत आयुष्य गेलं. माणूस खोटं बोलतो, तलाठी चुकतो, पण नकाशा म्हणजे नकाशा, अशी त्यांची श्रद्धा. बायको गेल्यापासून चार वर्षं ते सांगलीच्या विश्रामबागेतल्या घरात एकटे राहत होते. उल्हास नऊ वर्षं त्यांना बोलावत होता आणि अण्णांचं उत्तर ठरलेलं होतं.

"तिथं येऊन करू काय? ज्या मुलखात आपला एक दगड नाही, तिथं पाय तरी कुठं ठेवायचा?"

उल्हास हसून फोन ठेवायचा आणि पुढच्या फोनला पुन्हा विचारायचा. नातीला अण्णांनी फक्त पडद्यावर मोठं होताना पाहिलं होतं. मैथिली आता अकरा वर्षांची होती आणि त्यांना आबा म्हणायची.

त्या दिवशी फोटो गेल्यावर पाच मिनिटांत फोन आला.

"उल्हास, हे नकाशावर आलंय?"

"हो, अण्णा."

"म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या नकाशावर?"

"नकाशा सगळीकडे एकच असतो अण्णा, पण हो."

पलीकडे अण्णांनी घसा खाकरला.

"तिकीट काढ."

उल्हास खुर्चीतून उठून उभा राहिला. पिन मी टाकली आहे, कुणीही टाकू शकतं, ती जागा सरकारदरबारी गवत आहे, हे सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण नऊ वर्षांनी ऐकू आलेल्या त्या दोन शब्दांपुढे ते राहूनच गेलं. त्याने तिकीट काढलं. फेब्रुवारीचं.

तोवर अण्णांनी सकाळच्या कट्ट्यावर बातमी फोडली होती. कट्ट्यावरच्या एका निवृत्त मास्तरांचा भाचा स्थानिक पेपरात होता. चौथ्या दिवशी छापून आलं, 'ऑस्ट्रेलियात सांगली! पाटणकरांच्या सुपुत्राचा पराक्रम.' कात्रण फॅमिली ग्रुपवर आलं तेव्हा शुभदा पोळ्या करत होती.

"आता?" ती म्हणाली.

"आता सांगली करावी लागेल," उल्हास म्हणाला. "खरीखुरी."

योग असा की त्याच आठवड्यात काउन्सिलचं पत्रक पेटीत पडलं. शेजारच्या मोकळ्या तुकड्याचं रिझर्व्ह, म्हणजे छोटं सार्वजनिक उद्यान, होणार होतं, बाकं बसणार होती, आणि त्याला नाव सुचवण्यासाठी रहिवाशांना आवाहन होतं. उल्हासला वाटलं, देव आहे. त्याने रात्रीचं जेवण होण्याआधी फॉर्म भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं की नव्या मुलखात आलेला माणूस जुन्या गावाचं नाव लावतो ही इथलीच परंपरा आहे. ब्रायटन, क्रॉयडन, रिचमंड ही सगळी इंग्लंडातून आलेली, मग सांगलीनेच काय पाप केलंय?

काउन्सिलमधून ब्रॉन्विन नावाच्या बाईंचा फोन आला. आवाज प्रेमळ होता.

"तुमचा फॉर्म मला फार आवडला. पण नाव या जागेशी जोडलेलं असावं असा आमचा नियम आहे."

"ब्रायटन या जागेशी कसं जोडलेलं होतं?"

"तेव्हा फॉर्म नव्हते," ब्रॉन्विन म्हणाल्या. "पण नो वरीज. रहिवाशांचा पाठिंबा दाखवा, आम्ही विचार करू."

पाठिंबा म्हटल्यावर उल्हासला मराठी मंडळ आठवलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच. कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये अठरा माणसं जमली. उल्हासने पाच मिनिटांचं भाषण केलं. टाळ्या वाजल्या. मग अकोल्याच्या चित्रलेखाताई उठल्या.

"कल्पना छानच आहे. पण सांगलीच का? विदर्भाने नेहमी मागेच राहायचं का?"

"नाशिक इंग्लिश लोकांना म्हणायला सोपं जातं," प्रणव म्हणाला.

"लोकेशन बघता रत्नागिरी सूट होईल. पाणी आहे."

"अहो, तो पावसाच्या पाण्याचा खड्डा आहे."

"रत्नागिरीला दुसरं काय आहे?" असं मागून कोणीतरी म्हणालं आणि मग अध्यक्षांना घंटा वाजवावी लागली. दोन तासांनी ठराव पास झाला की मंडळाचा नाव देण्याला तत्त्वतः पाठिंबा आहे, नाव ज्याने त्याने कळवावं. ज्याने त्याने कळवलं. शुभदानेही कळवलं, आणि काय कळवलं हे सांगायला नकोच. महिन्याभराने ब्रॉन्विनचा पुन्हा फोन आला.

"एकूण एकतीस फॉर्म आले. नावं सत्तावीस. उल्हास, मला बसल्या जागी इंडिया पाहायला मिळाला, त्याबद्दल थँक यू. निर्णयाला आता वेळ लागेल."

अण्णांच्या विमानाला तीन आठवडे होते.

त्यातच दुष्काळात तेरावा महिना आला. एका रविवारी अकरा गाड्या आल्या. एका कुटुंबाने आजींच्या पंचाहत्तरीसाठी बारा माणसांचं टेबल मागितलं. शुभदाने शांतपणे दार लावलं, फोन घेतला आणि नकाशावर तक्रार नोंदवली. उल्हासला ते कळलं सोमवारी सकाळी सहाला, अण्णांच्या फोनने. अण्णांकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली असणार.

"उल्हास, अरे झोप लागेना म्हणून नकाशा उघडला. सांगली कायमची बंद दाखवतंय."

"काय?"

"लाल अक्षरात आहे. 'कायमची बंद.' मी तर इथं घरातच आहे. बंद कशानं झाली?"

उल्हासने शुभदाकडे पाहिलं. शुभदाने चहाचं आधण ठेवलं.

"ॲपने दोनच कारणं दिली होती," ती हळूच म्हणाली. "एक 'अशी जागा अस्तित्वात नाही', आणि दुसरं 'कायमची बंद'. सांगली अस्तित्वात नाही असं दाबायला माझा हात होईना. सासर आहे शेवटी."

उल्हासने अण्णांना तांत्रिक अडचण वगैरे सांगून वेळ मारून नेली, दुपारी अर्ज करून पिन पुन्हा चालू करून घेतली, आणि ॲपने आनंदाने जाहीर केलं, 'सांगली, नुकतीच पुन्हा सुरू!' त्या रविवारी चौदा गाड्या आल्या.

आता उरला एकच उपाय. उल्हासने साइनबोर्डवाल्याकडून पाटी करून घेतली. हिरवा रंग, पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत 'सांगली', गोलाकार कडा, अगदी इथल्या सरकारी पाट्यांसारखी. अण्णा यायच्या दिवशी सकाळी तो आणि बलजीत रिझर्व्हच्या कोपऱ्यावरच्या लाकडी खांबापाशी गेले. उल्हासने ड्रिल धरलं, बलजीतने पाटी.

"भाई, ये लीगल है ना?"

"तू पकड."

मैथिली सायकलवर बसून बघत होती.

"बाबा, धिस इज लिटरली अ क्राइम."

"आबांसमोर असं बोलायचं नाही."

"सो वी आर लायिंग टू आबा?"

उल्हासने दोन स्क्रू मारले आणि ड्रिल पेटीत ठेवलं.

अण्णा विमानतळावर स्वेटर घालून आणि पिशवीत भडंग घेऊन उतरले. भडंग जाहीर करायचं म्हणून त्यांनी कस्टम्सचा फॉर्म इतका बारकाईने भरला होता की अधिकाऱ्याने तो दुसऱ्याला बोलावून दाखवला. मैथिलीला पाहिल्यावर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. ती आता त्यांच्या खांद्याला लागत होती, आणि पडद्यावर हे कधी कळलंच नव्हतं.

घरी येताना अण्णा गाडीतून पाट्या वाचत होते.

"सनशाइन म्हणजे ऊन ना? गावाचं नाव ऊन?"

"कारखान्यावरून पडलं म्हणतात."

"हां. मग ठीक आहे. कारखाना होता तर ठीक आहे."

घराच्या कोपऱ्यावर उल्हासने गाडी मुद्दाम हळू केली. अण्णा म्हणाले, "थांबव." ते उतरले. पाटीपाशी गेले. समोरून पाहिली, मागून पाहिली, बोटाने टकटक केलं, खांबाची उंची वितेने मोजली. मग गम ट्री, काळे दगड, पाण्याचा खड्डा, सगळीकडे एकदा नजर फिरवली. उल्हास गाडीतच बसून होता. इंजिनही त्याने बंद केलं नव्हतं.

"चांगली आहे," अण्णा येऊन बसत म्हणाले. "चल, भूक लागलीय."

पुढचे पंधरा दिवस अण्णा रोज सकाळी पाटीजवळच्या मोठ्या काळ्या दगडावर जाऊन बसायचे. बलजीतचे वडील यायचे, पलीकडचे एक व्हिएतनामी आजोबा यायचे. तिघांना मिळून एकही भाषा धड येत नव्हती, तरी दोन-दोन तास बैठक चालायची. रविवारच्या गाड्यांना अण्णाच आता हात दाखवून परत पाठवायचे, आणि एखादा पोरगा फारच उपाशी दिसला तर शुभदाला हाक मारायचे. घरात एक माणूस वाढल्याने किती घर भरतं हे उल्हासला रोज संध्याकाळी दारातल्या चपला पाहून कळायचं.

तिसऱ्या मंगळवारी तो घरून काम करत होता. ऑफिसची मीटिंग चालू होती आणि खिडकीतून त्याला दिसलं की काउन्सिलची पांढरी यूट, मागे उघड्या हौद्याची गाडी, कोपऱ्यावर थांबलीय. गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एक बाई आणि शिडी घेतलेला एक माणूस उतरला. समोर अण्णा दगडावरून उठत होते. शाळेला सुट्टी होती, त्यामुळे दुभाषी म्हणून मैथिली हजर होती.

उल्हासने मीटिंगमध्ये "सॉरी, डिलिव्हरी आलीय" असं म्हटलं आणि मोजे घातलेल्या पायांनी धावत सुटला.

"हाय उल्हास," ब्रॉन्विन म्हणाल्या. "आपण फोनवर बोललोय. ही पाटी कुणी लावली याची चौकशी करतेय. आमच्याकडे तिची नोंद नाही."

उल्हासने तोंड उघडलं. काय सांगणार होता, ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. पण अण्णाच आधी बोलले, आणि चौतीस वर्षं साहेबांसमोर बोलायचे त्या इंग्रजीत बोलले.

"माय सन. अनऑथोराइज्ड. प्लीज रिमूव्ह."

"अण्णा!"

"अरे, मग काय सांगू? सरकारी पाटीला मागनं नंबर असतो. हिला नाही. आणि चार भोकं असताना तू दोनच स्क्रू मारलेस. पहिल्या दिवशीच बघितलं मी."

उल्हासचा चेहरा पडला. शिडीवाला माणूस उगाच शिडी पुसायला लागला.

"मग बोलला का नाहीत?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

"काय बोलू? नऊ वर्षं तू नुसता बोलवत होतास तर मी आलो नाही. आपलं नाव दिसलं म्हणून आलो. आल्यावर कळलं नाव खोटं आहे. म्हणून काय नातीला टाकून परत जाऊ?" अण्णांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "चूक माझी होती. दगड शोधत बसलो. माणसं इथं होती की."

मैथिलीने याचं भाषांतर केलं नाही. ब्रॉन्विननेही मागितलं नाही.

मग अण्णांनी त्यांना एक प्रश्न विचारला. टार्निट हे नाव कुठून आलं? ब्रॉन्विनने सांगितलं की ते इथल्या मूळ लोकांच्या भाषेतलं आहे, पांढरा रंग असा काहीसा अर्थ सांगतात.

"म्हणजे गावाला नाव आहे, आणि गावचंच आहे," अण्णा उल्हासकडे वळून म्हणाले. "आणि आपल्या सांगलीला कृष्णा आहे. हा खड्डा आहे. उद्या कृष्णेला कळलं तर काय म्हणेल?"

पाटी निघाली. शिडीवाला ती यूटमध्ये टाकणार तेवढ्यात अण्णांनी हात पुढे केला. पत्रा चांगला होता, वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ब्रॉन्विन म्हणाल्या, जप्त केलेली वस्तू परत न्यायची तर फॉर्म भरावा लागेल. अण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी यूटच्या बॉनेटवर कागद ठेवून तीन पानी फॉर्म सुवाच्य अक्षरात भरला, सही केली, खाली तारीख टाकली आणि एक प्रत मागून घेतली. ब्रॉन्विनने तर रिझर्व्ह खात्यात अशी माणसं हवी होती असंही म्हणून घेतलं.

मे महिन्यात अण्णा परत गेले. पाटी त्यांनी धोतरांच्या मध्ये घालून बॅगेत नेली. सोडायला गेलेल्या उल्हासला त्यांनी विमानतळावर "जेवत जा" एवढंच सांगितलं. आत वळण्याआधी मात्र ते दोनदा मागे फिरले, एकदा मैथिलीसाठी आणि एकदा चष्मा राहिला असं सांगून. चष्मा डोळ्यांवरच होता.

जूनमध्ये काउन्सिलचा निर्णय आला. जागेचं नाव ठरलं रेड गम रिझर्व्ह, त्या जुन्या झाडावरून. सत्तावीस गावांपैकी कुणाचंही नाही म्हटल्यावर मंडळात सगळ्यांचं समाधान झालं. उल्हासने पिन स्वतःच्या हाताने काढून टाकली. बलजीत अजूनही पाहुण्यांना "सांगली से लेफ्ट" सांगतो, ती गोष्ट वेगळी.

काळ्या दगडावर आता कोणी बसत नव्हतं. व्हिएतनामी आजोबा येता-जाता थांबून हाताने विचारायचे, कुठे? उल्हास आकाशाकडे बोट दाखवून विमानाची खूण करायचा, आणि ही खूण दुसऱ्याच कशाची वाटेल म्हणून घाईने तेच विमान परत खाली आणून दाखवायचा.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी मैथिली फोन घेऊन स्वयंपाकघरात आली.

"बाबा, डिड यू नो, देअर्ज अ टार्निट इन इंडिया?"

"काहीतरीच काय!"

"नो, लुक."

नकाशावर विश्रामबाग होती. अण्णांच्या घराच्या कोपऱ्यावर, जिथे वर्षानुवर्षं एक पडका कठडा होता, तिथे लाल पिन होती आणि नाव होतं, टार्निट. उल्हासने फोटो उघडला. खांबाला तीच हिरवी पाटी होती, उलटी फिरवलेली. तिच्या कोऱ्या मागच्या बाजूवर अण्णांच्या मोजणीखात्याच्या वळणदार अक्षरात इंग्रजीत 'टार्निट' रंगवलेलं होतं. चारी कोपऱ्यांना चार स्क्रू होते. कठड्याला डागडुजी करून चुना दिला होता आणि त्यावर कुठून तरी आणलेला एक मोठा काळा दगड होता.

खाली पाच तारे होते आणि लोकांनी लिहिलं होतं, 'शांत जागा. काका प्रेमळ. बसवून चहा देतात आणि नातीचे फोटो दाखवतात. मेनू नाही.'

उल्हासने फोन लावला.

"अण्णा, हे काय?"

"काय नाही रे. आल्यापासून सगळे विचारतात, तिकडं काय असतं, काय असतं. मग इथं बसून सांगतो. लोकच म्हणायला लागले, अण्णा टार्निटला बसलेत. मग म्हटलं, पाटी पडूनच आहे."

"आणि महापालिकेची परवानगी?"

अण्णांनी घसा खाकरला.

"अर्ज दिलाय," ते म्हणाले. "पण सकाळी तिथं बसल्याशिवाय दिवस जात नाही. म्हणून आधी लावली."

उल्हासने फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. आपली सांगली त्याला इथे करता आली नव्हती, आणि ज्या माणसाला दाखवायला ती करायची होती, त्याने हा टार्निटचा तुकडा उचलून दारात मांडला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कांदा शुभदा चिरत असल्यामुळे त्याला काही कारण सांगावं लागलं नाही.

शुभदाने फोटो मोठा करून पाहिला. स्क्रू मोजले. मग फोन मैथिलीला परत दिला.

"नकाशावर आलंय ना?" ती म्हणाली. "मग तिकीट काढ. दिवाळीचं."

"तिघांचं?"

"तिघांचं. मुंबईपासून पुढचं गाडीचंही काढून ठेव." तिने कांदा कढईत टाकला. "मिरजेपर्यंत काढ फक्त. टार्निटला जायचं म्हटलं तरी माणूस आधी तिथेच उतरतो."